जुना डेस्कटॉप लॅपटॉपला दुसरी स्क्रीन म्हणून जोडता येतो का?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. मी नाशिकला घरून अकाउंट्सचं काम करते, बारा-तेरा दुकानदारांचं जीएसटी माझ्याकडे आहे. लॅपटॉप १४ इंची. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर टू-बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी) येतं, मग दुकानदाराच्या खरेदी रजिस्टरशी एकेक बिल जुळवायचं आणि २० तारखेच्या आत थ्री-बी (महिन्याचं रिटर्न) भरायचं, म्हणजे ते पाच-सहा दिवस डोळे फुटेस्तोवर अल्ट-टॅब अल्ट-टॅब चालू असतं. एका खिडकीत बिल नंबर बघायचा, दुसरीत जाईपर्यंत तो ११८३ होता की ११३८ तेच डोक्यातून जातं, परत मागे यायचं. गेल्या महिन्यात एका हार्डवेअरवाल्याची दोन बिलं अशीच उलटसुलट टिक झाली आणि ते निस्तरायला अख्खी संध्याकाळ गेली.

घरात सासऱ्यांचा जुना डेस्कटॉप आहे, २०१३ साली घेतलेला, चार वर्षं कापडाखाली झाकून ठेवलाय. परवा चालू करून बघितला, चालतोय! स्क्रीन चांगली मोठी आहे, २० इंची. तो लॅपटॉपला दुसरी स्क्रीन म्हणून लावता येईल का? एका बाजूला पोर्टल, एका बाजूला एक्सेल, एवढंच हवंय. एचडीएमआयची केबल आणून दोन्हीकडे लावली पण काहीच होत नाहीये, लॅपटॉपला काही जोडलंय हेच कळत नाही. केबल खराब असेल का?

सह्यवेडा

ताई, डेस्कटॉप जोडायचाच नाही, फक्त त्याचा मॉनिटर जोडायचा. सीपीयूचा डबा बाजूला ठेवा, मॉनिटरची केबल सीपीयूतून काढून सरळ लॅपटॉपला लावा. लोक नेमकं हेच विसरतात, त्यांना वाटतं सीपीयूसुद्धा चालू हवा.

मॉनिटरला निळी, १५ पिनांची, दोन बाजूंना स्क्रू असलेली केबल असेल तर ती व्हीजीए. लॅपटॉपला एचडीएमआय असेल तर मध्ये एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर लागतो. साधी केबल घेऊ नका, दोन टोकांना दोन कनेक्टर आणि मध्ये नुसती तार, असली केबल चालत नाही कारण एचडीएमआय डिजिटल आणि व्हीजीए अ‍ॅनालॉग, मध्ये रूपांतर करणारी चिप लागतेच. मी पुण्यात तपकीर गल्लीतून साडेतीनशेला घेतला होता, तीन वर्षं झाली, रोज वापरतोय. आवाज व्हीजीएतून जात नाही, तो लॅपटॉपमधूनच येईल.

जोडलं की विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा, उजवीकडे चार पर्याय येतात, त्यातला एक्स्टेंड निवडा. डुप्लिकेट केलंत तर दोन्हीकडे एकच चित्र दिसेल आणि सगळा उपद्व्याप वाया.

वाळवण

+१ सह्यवेडा.
लॅपटॉपला एचडीएमआय नसेल आणि फक्त टाइप-सी असेल तर घाई करू नका. सगळ्या टाइप-सी भोकांतून चित्र बाहेर येत नाही, काही फक्त चार्जिंग आणि डेटापुरती असतात. डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टची खूण भोकाजवळ आहे का ते बघा, नाहीतर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर वाचा आणि मगच कन्व्हर्टर आणा. मी न वाचता आणला होता, परत करावा लागला.

गोदाकाठची

अहो सह्यवेडा, इथेच तर घोडं अडलंय. माझं आधीच सांगायचं राहिलं, तो डेस्कटॉप सगळा एकात एक आहे. ऑल-इन-वन म्हणतात ना तो. सीपीयू वेगळा नाहीच, स्क्रीनच्या मागेच सगळं. त्याला व्हीजीए नाही, मागे एक एचडीएमआय आहे, एक लॅनचं भोक आणि चार यूएसबी. त्याच एचडीएमआयमध्ये लॅपटॉपची केबल लावली होती.

तारमास्तर

आता उलगडा झाला. केबल बरोबर आहे, टाकू नका.

पाण्याचा नळ समजा. लॅपटॉपचं एचडीएमआय म्हणजे नळ, त्यातून चित्र बाहेर येतं. मॉनिटरचं किंवा टीव्हीचं एचडीएमआय म्हणजे बादली, त्यात चित्र पडतं. आता तुमच्या ऑल-इन-वनचं एचडीएमआयसुद्धा नळच आहे, त्याला दुसरा मॉनिटर जोडता यावा म्हणून दिलेलं. तुम्ही नळाला नळ जोडलाय, दोन्हीकडून कोणी घेणाराच नाही, म्हणून लॅपटॉपला काही जोडल्याचं कळतसुद्धा नाही.

एक मात्र तपासा. काही ऑल-इन-वनना दोन एचडीएमआय असतात, एकाजवळ 'इन' आणि एकाजवळ 'आउट' असं बारीक अक्षरात कोरलेलं असतं, आणि कडेला किंवा खाली सोर्स बदलायचं बटण असतं. तसं 'इन' असेल तर काम दोन मिनिटांचं. मोबाइलचा टॉर्च लावून मागे नीट वाचा, काळ्यावर काळी अक्षरं असतात.

'इन' नसेल तर चित्र तारेऐवजी नेटवर्कवरून पाठवायचं. तेव्हा मात्र ऑल-इन-वन पूर्ण चालू लागतो, त्याचं विंडोजही चालू लागतं. पहिला प्रयत्न विंडोजमध्ये आधीच असलेल्या सोयीचा करा. ऑल-इन-वनवर विंडोज १० असेल तर सेटिंग्ज, सिस्टीम, प्रोजेक्टिंग टू धिस पीसी. तिथे सगळं पुसट दिसलं तर ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन वायरलेस डिस्प्ले नावाचं फीचर अ‍ॅड करावं लागतं, २०२० नंतरच्या विंडोज १० मध्ये ते आपोआप येत नाही. मग लॅपटॉपवर विंडोज आणि के दाबायचं, यादीत डेस्कटॉपचं नाव दिसेल.

याला मिराकास्ट म्हणतात आणि त्याला दोन्हीकडचं वायफाय कार्ड त्या लायकीचं लागतं. २०१३ च्या मशीनमध्ये असेलच असं नाही. विंडोज आणि आर दाबून डीएक्सडायग लिहा, सेव्ह ऑल इन्फर्मेशन करा, जी फाइल तयार होईल तिच्यात मिराकास्टची ओळ असते. अव्हेलेबल आहे की नॉट सपोर्टेड ते इथे लिहा, पुढचं मग बोलू.

रानमेवा

एनीडेस्क टाका की, सोप्पं. मी आईच्या कॉम्प्युटरचं सगळं त्यावरूनच बघतो.

तारमास्तर

रानमेवा, एनीडेस्कने लॅपटॉपची आहे तीच स्क्रीन डेस्कटॉपवर दिसेल. ताईंना जास्तीची जागा हवीये, तेच चित्र दुसरीकडे नकोय. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचंही तेच, उलट त्यात लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन लॉक होते. लॅपटॉपला 'मला दुसरा मॉनिटर लागलाय' असं वाटायला पाहिजे, त्यासाठी खोटा मॉनिटर तयार करणारा ड्रायव्हर लागतो.

दूरदेशी

न्यू जर्सीहून लिहितोय. विषय विंडोजचा आहे पण ज्यांच्याकडे जुना आयमॅक पडून असेल त्यांच्यासाठी सांगतो, कारण माझा एक पूर्ण वीकेंड यात गेला.

अ‍ॅपलने ही सोय मुद्दाम दिली होती, टार्गेट डिस्प्ले मोड नावाची. २००९ च्या शेवटी आणि २०१० मध्ये आलेल्या २७ इंची आयमॅकना मिनी डिस्प्लेपोर्टची केबल लागते, २०११ ते २०१४ च्या मध्यापर्यंतच्यांना थंडरबोल्टची. दोन्ही मशीन चालू करायची, केबल लावायची आणि आयमॅकच्या कीबोर्डवर कमांड आणि एफ-टू दाबायचं, आयमॅकची स्क्रीन मॉनिटर होऊन जाते. पण अटी आहेत. आयमॅकवर हाय सिएरा किंवा त्याच्या आधीची सिस्टीम हवी, आणि समोरच्या मॅकवर कॅटालिना किंवा आधीची. माझा आयमॅक २०११ चा आणि लॅपटॉप नवीन, त्यामुळे केबल, अ‍ॅडॉप्टर सगळं आणून जमलं नाही. २०१४ च्या शेवटी आलेल्या फाइव्ह-के आयमॅकमध्ये तर ही सोयच काढून टाकली, इतकी सुंदर स्क्रीन आणि दुसऱ्या मशीनला उपयोग नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. चांगला काच-पडदा पंधरा वर्षं टिकतो आणि त्याच्या मागचा कॉम्प्युटर सात वर्षांत म्हातारा होतो, मग दोन्ही एकत्र चिकटवताना आत येणारं एक भोक द्यायला काय हरकत होती.

गोदाकाठची

तारमास्तर, नळ-बादलीने एकदम डोक्यात शिरलं. मागे टॉर्च लावून वाचलं, एकच एचडीएमआय आहे आणि त्याच्याजवळ 'आउट' कोरलंय. इतके दिवस दिसलंच नव्हतं.

डीएक्सडायगच्या फाइलमध्ये नॉट सपोर्टेड आलंय. म्हणजे तो रस्ता बंद ना?

आणि एक नवीनच अडचण. डेस्कटॉपवर नेट चालू केलं तर एकही साइट उघडत नाही, कनेक्शन सुरक्षित नाही असं काहीतरी लाल येतं. वायफाय तर पूर्ण दिसतंय. व्हायरस असेल का?

तारमास्तर

खाली कोपऱ्यात तारीख कोणती दिसतीये?

गोदाकाठची

१ जानेवारी २०१३!!

तारमास्तर

मग व्हायरस नाही, आतला सेल संपलाय. मदरबोर्डवर रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२ नंबरचा, वजनकाट्यात वगैरे असतो तोच. तो संपला की वीज गेल्यावर मशीन तारीख विसरतं. आणि साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच खरं मानलं जातं, मशीनला वाटतंय आज २०१३ आहे, त्यामुळे प्रत्येक प्रमाणपत्र त्याला चुकीचं वाटतं. आत्ता तारीख हाताने बरोबर करा, लगेच साइट उघडतील. सेल नंतर बदलून घ्या, घड्याळवाल्याकडे मिळतो, पण ऑल-इन-वन उघडायला पाठीमागचं सगळं कव्हर काढावं लागतं, तेव्हा सवय नसेल तर कोणाकडून तरी करून घ्या.

मिराकास्टचा रस्ता बंद, बरोबर. आता स्पेसडेस्क, मघाशी म्हटलं तसा खोटा मॉनिटर तयार करणारा प्रोग्राम. घरगुती वापराला फुकट आहे. दोन भाग असतात. लॅपटॉपवर ड्रायव्हर टाकायचा, डेस्कटॉपवर व्ह्यूअर टाकायचा. उलटं करू नका, खूप जण उलटं करतात. ज्या मशीनचं काम पसरवायचंय त्यावर ड्रायव्हर. दोन्ही एकाच वायफायवर ठेवा, डेस्कटॉपवर व्ह्यूअर उघडा, लॅपटॉपचं नाव दिसेल, त्यावर क्लिक करा. मग लॅपटॉपवर विंडोज आणि पी, एक्स्टेंड.

प्रेसवाला

माझाही अनुभव लिहितो, थोडा वेगळा आहे.

सांगलीत माझा छोटा डीटीपी आणि छपाईचा व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, अहवाल. जुन्या डेस्कटॉपवर विंडोज सेव्हन, पेजमेकर आणि युनिकोडच्या आधीचे मराठी फाँट. त्या फाँटच्या सॉफ्टवेअरला हार्डवेअर लॉक आहे, तो मागे खोचलेला असेल तरच चालतं. पंधरा-वीस वर्षांपासूनच्या गिऱ्हाइकांच्या फाइल त्यात आहेत, दर वर्षी तोच अहवाल थोडा बदलून लागतो, तेव्हा ते मशीन मला सोडता येत नाही. आणि नवीन काम सगळं लॅपटॉपवर, व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर येतो तो युनिकोडमध्ये.

मीही आधी डेस्कटॉपला दुसरी स्क्रीनच करायला निघालो होतो. मग लक्षात आलं की मला तो डेस्कटॉप डेस्कटॉप म्हणूनच हवाय, फक्त दोन कीबोर्ड दोन माउस टेबलावर नकोत. मग मुलाने माउस विदाउट बॉर्डर्स टाकून दिलं, मायक्रोसॉफ्टचंच आहे, २०११ साली आलेलं, आता नवीन विंडोजवर ते पॉवरटॉइजमध्ये मिळतं पण माझ्या सेव्हनसाठी जुनंच वेगळं दोन्हीकडे टाकलं. लॅपटॉपचा माउस डावीकडे सरकवत नेला की तो काठावरून उडी मारून डेस्कटॉपवर जातो. टाइप केलेलं तिकडे उमटतं. पहिल्या दिवशी मी नुसता माउस इकडून तिकडे नेत बसलो होतो.

इकडचं कॉपी केलेलं तिकडे पेस्ट होतं, पण मराठी मजकुराचं लक्षात ठेवा, जुन्या फाँटमधला मजकूर इकडे पेस्ट केला तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, त्यात प्रोग्रामचा दोष नाही, फाँटच तसे आहेत, कन्व्हर्टरमधून काढावा लागतो. आणि कन्व्हर्टरमधून काढल्यावर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यात तेल घालून तपासा. 'कार्याध्यक्ष' मधला रफार एकदा पुढच्या अक्षरावर गेला होता, छपाईला जायच्या आधी दिसला म्हणून वाचलो.

वाळवण

प्रेसवाला, ही कल्पना फार आवडली, हार्डवेअर लॉकवाल्या सगळ्यांना उपयोगी.

गोदाकाठची ताई, तुम्हाला विजेचा हिशोबही सांगते. ऑल-इन-वन समजा ६० वॅट खातोय, रोज ८ तास, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १२ युनिट. नुसता २० वॅटचा मॉनिटर असता तर ४ युनिट. तुमचं काम फक्त महिन्यातले पाच-सहा दिवस असेल तर हा फरक अगदीच किरकोळ. पण रोज दिवसभर वापरणार असाल तर ऑल-इन-वन विकून जुना एलईडी मॉनिटर घ्या असं माझं मत. सॉफ्टवेअरवर चालणारी स्क्रीन केबलवरच्या स्क्रीनची बरोबरी करणार नाही, मी दोन्ही वापरलंय.

सुतळी

आणखी एक मार्ग आहे म्हणून लिहितो, ताईंनी करू नये. ऑल-इन-वन उघडून आतलं पॅनल वेगळं काढायचं, त्याच्या मागच्या स्टिकरवरचा पॅनल नंबर बघून बरोबर तेवढ्याच नंबरसाठी बनवलेलं कंट्रोलर बोर्ड मागवायचं, मग तो खरोखरचा एचडीएमआय मॉनिटर होतो. मी मेलेल्या लॅपटॉपच्या पॅनलचा असा केलाय. जुन्या पॅनलमध्ये मागे ट्यूब असते आणि तिच्या इन्व्हर्टरला शेकडो व्होल्ट असतात, हात लागला तर झटका बसतो. मदरबोर्ड मेला असेल तरच या वाटेला जा.

गोदाकाठची

विकायचा विषय नाही हो वाळवण. सासऱ्यांनी रिटायर झाल्यावर घेतला होता, त्यावरच टायपिंग शिकले आणि गावाकडच्या जमिनीच्या सगळ्या कागदांची यादी स्वतः एक्सेलमध्ये केली. आता त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं. परवा मी चालू केला तर शेजारी येऊन बसले आणि विचारलं, अजून चालतोय का गं. त्यामुळे तो चालावा एवढीच इच्छा आहे.

आता प्रगती. तारीख बदलली, साइट उघडल्या! स्पेसडेस्क दोन्हीकडे टाकलं आणि दिसलं!! लॅपटॉपचं वॉलपेपर डेस्कटॉपवर आलं तेव्हा मी स्वयंपाकघरातून नवऱ्याला हाक मारून बोलावलं.

पण फार अडखळतंय. माउस त्या स्क्रीनवर नेला की उड्या मारत जातो, एक्सेल खाली सरकवलं की आधी धूसर चौकोन दिसतात मग अक्षरं येतात. कधी कधी मधेच तुटतं. यावर बिलं जुळवणं शक्य नाही. काही करता येईल का?

तारमास्तर

येईल. आधी का होतंय ते बघू म्हणजे उपाय पटेल.

तुमची स्क्रीन १६०० बाय ९०० ची असणार, २० इंची त्या काळात तीच असायची. म्हणजे १४ लाख ४० हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याला रंगाचे २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रं. गुणाकार केला तर सेकंदाला दोन हजार मेगाबिटच्या वर जातं. आणि तुमच्या डेस्कटॉपचं वायफाय जुनं असणार, २.४ गिगाहर्ट्झवालं, नावाला ७२ किंवा १५०, प्रत्यक्षात त्याच्या निम्मंही मिळत नाही, त्यात शेजारच्यांचे राउटर त्याच लहरींवर. म्हणून प्रोग्राम चित्र दाबून दाबून पाठवतो, आणि जुन्या प्रोसेसरला ते उलगडायला वेळ लागतो. धूसर चौकोन त्याचेच.

उपाय एकच, वायफाय सोडा, तार टाका. लॅपटॉप आणि डेस्कटॉप सरळ एका लॅन केबलने जोडा, मध्ये राउटरही नको. पूर्वी यासाठी क्रॉस केबल लागायची, आता गिगाबिट पोर्ट स्वतःच ओळखून घेतात, साधी केबल चालते. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबी टू लॅन घ्या, मात्र यूएसबी ३ आणि गिगाबिट लिहिलेलं बघून.

मग दोन्हीकडे आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, हाताने द्या. लॅपटॉपला १९२.१६८.५०.१ आणि डेस्कटॉपला १९२.१६८.५०.२, सबनेट दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. तुमचं राउटर ५० च्याच मालिकेत असेल तर दुसरा आकडा घ्या. गेटवेची जागा रिकामी सोडा, नाहीतर लॅपटॉप इंटरनेट त्या तारेतून शोधायला जाईल. रिकामी असली की इंटरनेट वायफायवरून आणि चित्र तारेवरून, दोन्ही आपापल्या वाटेने.

व्ह्यूअरच्या सेटिंगमध्ये सेकंदाला ३० चित्रं करा. आकडे बघायला ६० लागत नाहीत.

अजून एक, आणि हे महत्त्वाचं. त्या डेस्कटॉपचं वायफाय नंतर बंदच करून टाका. विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि तुम्ही लोकांचे जीएसटीचे कागद हाताळता. पोर्टलचा पासवर्ड लॅपटॉपवरच टाइप होतो, डेस्कटॉपवर फक्त चित्र येतं, तरी जुन्या मशीनला बाहेरच्या जगाशी ठेवायचं कारणच काय.

भीमथडी

लिनक्सवाले कोणी असाल तर, डेस्कटॉपवर लिनक्स मिंट टाकूनही हे जमतं. स्पेसडेस्कचा व्ह्यूअर ब्राउझरमध्येही उघडतो, तेव्हा लॅपटॉप विंडोज आणि डेस्कटॉप लिनक्स असं चालू शकतं. माझ्या जुन्या कोअर टू ड्युओवर करून बघितलं, वाचायला ठीक, व्हिडिओ बघण्यासारखं नाही. लॅपटॉपवरच लिनक्स असेल आणि केडीई वापरत असाल तर केआरएफबीमध्ये व्हर्च्युअल मॉनिटर तयार करता येतो आणि डेस्कटॉपवरून व्हीएनसीने तो बघायचा.

गोदाकाठची

सविस्तर लिहिते, कोणाला तरी उपयोग होईल.

माझ्या लॅपटॉपला लॅनचं भोक नाही. यूएसबीवालं साडेसातशेला आणलं, दोन मीटर केबल दीडशेला. आयपी तुम्ही सांगितले तसेच टाकले. व्ह्यूअर उघडला तर लॅपटॉप दिसेचना. एक तास गेला. केबल उलटसुलट केली, दोन्ही मशीन रिस्टार्ट केली, लॅनच्या भोकाजवळ हिरवा दिवा लुकलुकत होता म्हणजे तार तर बरोबर होती. शेवटी फायरवॉल आठवली. वायफायला 'घरचं नेटवर्क' म्हणून प्रायव्हेट केलेलं होतं, म्हणून तिथे चालत होतं, पण ही नवीन तार विंडोजने 'अनआयडेंटिफाइड' म्हणून पब्लिकमध्ये टाकली आणि स्पेसडेस्कला फक्त प्रायव्हेटची परवानगी होती. फायरवॉलमध्ये अलाउ अ‍ॅन अ‍ॅप, तिथे स्पेसडेस्कसमोर पब्लिकच्या चौकोनातही टिक केली आणि पुढच्या सेकंदाला नाव आलं.

आणि काय फरक आहे! माउस सरळ जातो. एक्सेल सरकवताना किंचित मागे राहतं पण धूसर होत नाही. तासभर सलग वापरलं, एकदाही तुटलं नाही. ३० चित्रंच ठेवलीयेत. मोठ्या स्क्रीनवर एक्सेल ठेवलंय, १०० टक्के स्केलिंगवर ४० च्या आसपास ओळी एकदम दिसतात, लॅपटॉपवर पोर्टल. आधी डोळ्यांना त्रास झाला कारण डेस्कटॉप उंच आणि लॅपटॉप खाली, मान सारखी वरखाली होत होती, मग लॅपटॉपखाली जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या ठेवल्या आणि दोन्हीच्या वरच्या कडा एका रेषेत आणल्या.

तारमास्तर, तुमचे किती आभार मानू. दुकानवाल्याने मला सरळ सांगितलं होतं, हे होत नाही, नवीन मॉनिटर घ्या.

सह्यवेडा

अभिनंदन ताई! पब्लिकची टिक केलीत त्याबद्दल एक सांगतो. लॅपटॉप घेऊन बाहेर गेलात, हॉटेलचं किंवा स्टेशनचं वायफाय लावलंत, तर तेही पब्लिकच असतं आणि तिथेही हे दार उघडं राहील. निघताना खाली घड्याळाजवळ स्पेसडेस्कचं चिन्ह आहे त्यावर क्लिक करून ड्रायव्हर ऑफ करा, घरी आल्यावर ऑन.

माळावरचा

माझ्याकडे जुना १५ इंची डब्बा मॉनिटर आहे, काचेचा जाड. त्याला जमेल का?

सह्यवेडा

व्हीजीए असणारच त्याला, कन्व्हर्टरने चित्र येईल. रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ ठेवा आणि रिफ्रेश ७५ वर न्या, ६० वर डोळ्यांपुढे फडफडतं. पण जागा, उष्णता आणि वीज तिन्ही खातो, एलसीडीच्या तिप्पट-चौपट. रोजच्या कामाला मी नाही वापरणार. आणि बंद असला तरी त्याचं मागचं कव्हर उघडू नका, ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा साठा राहतो. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

गोदाकाठची

मंडळी, पहिला पूर्ण महिना झाला म्हणून लिहिते. १४ ला टू-बी आलं आणि १७ ला संध्याकाळी तेरावं थ्री-बी भरून मोकळी झाले, दर वेळी १९ च्या रात्रीपर्यंत चालायचं. एका कापडवाल्याचं एक बिल आमच्या रजिस्टरमध्ये होतं आणि टू-बीत नव्हतंच, दोन्ही शेजारी असल्यामुळे लगेच दिसलं, त्याला फोन केला तर त्याच्या पुरवठादाराकडून ते भरायचंच राहिलं होतं.

सेलही बदलून आणला. मेकॅनिकने उघडलाच आहे तर म्हणून दोन्ही रॅम काढून खोडरबरने पुसून परत बसवल्या, आतली धूळ ब्रशने काढली, आता पंख्याचा आवाजही कमी झालाय.

एक शंका राहिली. काल डेस्कटॉप न लावता नुसता लॅपटॉप चालू केला तर एक्सेलची खिडकी खाली पट्टीत दिसते पण क्लिक केलं तरी समोर येत नाही. फाइल गेली की काय असं झालं होतं.

तारमास्तर

फाइल गेली नाही, खिडकी अजून दुसऱ्या स्क्रीनच्या जागेवर उघडतीये. पट्टीतल्या एक्सेलवर एकदा क्लिक करा आणि विंडोज, शिफ्ट आणि डावा बाण एकत्र दाबा, खिडकी उडी मारून लॅपटॉपवर येते. नाही आली तर विंडोज आणि पी दाबून पीसी स्क्रीन ओन्ली करा.

गोदाकाठची

आली! बाण दाबला आणि आली.